लंगडा कावळा

मिरजोळे, रत्नागिरी
१४ ऑक्टोबर २०२४

वहिनी,

मिऱ्याच्या डोंगरामागून कोणीतरी जाडजूड मांजरपाट टराटरा फाडत आणावं, तसा तो आवाज आला होता. आवाज आला तिकडे मान वळवावी तर तिथे काही नाही. विमान केव्हाच पुढे, समुद्रावर. मे महिना, एकाहत्तर साल. तुम्ही पडवीत हाताला तेल लावून फणसाचे गरे काढत होतात आणि तसेच तेलकट हात वर करून अंगणात धावलात. दादाने लांब वळसा घेतला, परत आला, पंख एकदा इकडे, एकदा तिकडे कलते केले आणि गेला. एवढंच. आई म्हणाली, "मेल्याने जेवणार का ते पण सांगितलान नाय." किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे एकजात उठले आणि दोन दिवस फिरकले नाहीत. बोंबील वाळवणारी जनीमावशी खूश. दादाला वाडीत सगळे बाबल्याच म्हणत. म्हणाली, "बाबल्याला लिवा, रोज येत जा. माझी राखण सुटली."

घराला सलामी दिली म्हणून त्याला वरून कडक समज मिळाली, हे त्याने नंतर तुम्हाला कळवलं. आणि डिसेंबरात तो गेला. लढाईवर गेला, असं म्हणतोय मी.

हे सगळं आज लिहितोय, कारण परवा तुमचं पत्र आलं. अक्षर तुमच्या नातीचं, सानवीचं; खालची सही तुमची, ओळ सोडून वर चढलेली. तुमच्या डोळ्यांची दृष्टी अधू झाली, आता रघुवीररावच सगळं वाचून दाखवतात, असं तिने कंसात लिहिलंय. पाकिटाच्या मागे 'सौ. ज्ञानेश्वरी मयेकर, बडोदा'. आणि आत, इतक्या वर्षांनी, 'भावोजी'. त्या एका शब्दावर मी बराच वेळ अडलो. शहात्तर वर्षांच्या माणसाला कोणी धाकटा दीर म्हणून हाक मारली की त्याने काय करावं?

रघुवीरराव दर सर्वपित्रीला गच्चीवर पानं ठेवतात, त्यांच्या आईवडिलांची, आणि एक दादाच्या नावाचं. बायकोच्या पहिल्या नवऱ्याचं पान स्वतः वाढणारा माणूस मी तरी दुसरा ऐकला नाही. बाकीच्या पानांना कावळे शिवतात, त्या एका पानाला कधीच नाही, असं तुम्ही कळवलंत. या वर्षी तुम्ही शेजारी खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत बसलात. दिसलं नाही तरी फडफड ऐकू आली असती, म्हणता.

आणि मग तो प्रश्न. 'भावोजी, चौऱ्याहत्तर साली त्यांच्या दहाव्याला कावळा खरंच शिवला होता का? तुमच्या शब्दावर मी दुसरं लग्न केलं. आता पंचाहत्तरीला आले. खरं काय ते कळावं.'

वहिनी, शिवला होता. माझ्या डोळ्यांदेखत शिवला. माडावरून उतरला, चांगला मोठा, काळाभोर. एका पायाने लंगडत होता, म्हणून तर माझ्या लक्षात राहिला. दोनदा मान वाकडी करून बघितलं, पिंडाला चोच लावली आणि दहीभाताचं शीत घेऊन खाडीच्या बाजूला उडाला. तात्याकाकांनी हात जोडले. मनात शंका आणू नका. बडोद्याच्या कावळ्यांना मिऱ्याची माणसं कुठून ठाऊक असणार?

रघुवीररावांना नमस्कार. सानवीला आशीर्वाद.

तुमचा,
दत्ताराम


७ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

दिवाळीचा फराळ आणि तुमचं कार्ड एकाच दिवशी आलं. फराळ शेजारच्या दीपालीचा, कार्ड तुमचं. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड, त्यावर तुमच्या स्वतःच्या हातचे तीनच शब्द, एकेक अक्षर बोराएवढं:

'डावा की उजवा?'

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. घरचा अभ्यास का आणला नाही, याच्या सबबी ऐकण्यात निम्मी नोकरी गेली. त्यातून एक शिकलो. सबबीत तपशील फार असला की ती खोटी. "सर, आजी वारली" म्हणणारा पोर खरा असू शकतो. "सर, आजी वारली, तेव्हा ती हिरवं लुगडं नेसली होती आणि मांजराने दूध सांडलं" म्हणणाऱ्याला मी उभा करायचो. आज तुम्ही मला उभं केलंत.

लंगडा कावळा मी रचला. कावळा शिवला नव्हता.

लिहिलं बघा. आता बाकीचंही लिहितो, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत दादाच्या तुकडीतला तो तरुण अधिकारी आपल्या घरी आला होता. कैदेतले वैमानिक सुटून आले होते आणि त्यांच्या यादीत दादाचं नाव नव्हतं. त्याने सांगितलं, विमानाने पेट घेतला, ते वाळूत गेलेलं मी वरून पाहिलं. तुम्ही विचारलंत, "हवाई छत्री?" तो म्हणाला, "मला दिसली नाही." तेवढं वाक्य तुम्ही धरून ठेवलंत. दिसली नाही म्हणजे उघडली नाही असं नाही. दादाचा पांढरा शर्ट दर सोमवारी धुऊन दोरीवर घालणं चालूच. न वापरलेला शर्ट धुऊन धुऊन विरला. कॉलर तुम्ही उलटून शिवलीत.

आईने शेवटी चौऱ्याहत्तरात भटजींना बोलावलं. देह नाही, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा ठरला. डोक्याच्या जागी नारळ. तो नारळ आपल्याच माडाचा होता, मीच काढला. तुम्ही विरोध केला नाहीत. फक्त नवव्या दिवशी संध्याकाळी विहिरीवर मला गाठून म्हणालात, "भावोजी, पानं जाळून माणूस मरत नाही. उद्या कावळा शिवला तर मी मानीन. नाही शिवला तर पुन्हा मला कोणी काही शिकवायचं नाही." बायका तिथे येत नाहीत, म्हणून निकाल मी आणायचा होता.

तर, दहावा दिवस. खाडीच्या तोंडाशी आम्ही अकरा जण. पिंड मांडले, आम्ही मागे सरलो. माडावर कावळे होते, मोजून सात. एकही हलेना. पहिला अर्धा तास तसाच गेला. मग तात्याकाका पुढे झाले. "बाबल्या, तुज्या आयशीला मी सांभाळतंय. काळजी करू नको. ये, शीव."

काही नाही.

पांडू तांडेल म्हणाला, "माज्या नव्या होडीला तुजा नाव देतंय. आत्माराम. रंगाने लिवतंय, पुसायचा नाय."

काही नाही. कोणीतरी म्हणालं, त्याला चहा लागायचा. म्हणून बंदरावरून किटली आणली. कप पिंडाजवळ ठेवला. त्याच्या आवडीची काजूची उसळ आली. लष्करातून निवृत्त झालेले शेजारचे हवालदार ताडकन उभे राहिले आणि सलाम ठोकून ओरडले, "फ्लाइंग ऑफिसर शिवलकर! हुकूम आहे!" आम्ही हसलो हो, वहिनी. दहाव्याला हसलो. पांडू म्हणाला, "त्या दिवशी इमानान भेवडवलान सगल्या कावल्यांना. आता कशाला येतात ते? त्यांच्यापण आठवणीत हाय." त्यावर तात्याकाकाही हसले आणि हसता हसताच रडायला लागले.

मग सगळे एकदम कावळ्यांना बोलावू लागले. का, का, का. अकरा बाप्ये, सत्तरीचे तात्याकाका धरून, ओल्या पंच्यात उभे राहून कावळ्याच्या आवाजात ओरडताहेत. विमानाच्या आवाजापेक्षा मला तो आवाज जास्त छळतो.

माझी पाळी आली. काय कबूल करावं? तिसरीच्या पुस्तकात आगबोटीची कविता होती. दादाला ती सबंध पाठ, पण तिसऱ्या कडव्याशी हटकून अडायचा, आणि मी दोन वर्षांनी लहान असून बाकाखालून त्याला पुढचा शब्द सांगायचो. आमच्या शाळेत तिसरी आणि पहिली एकाच खोलीत बसायची. मी ती कविता म्हणायला लागलो. मोठ्याने, चालीवर. दुसरं कडवं संपलं आणि थांबलो. म्हटलं, आज तू सांग.

भरतीचं पाणी पिंडापाशी आलं. तीन तास झाले होते. भटजींनी सूर्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा करू." त्यांनी चार काड्यांची गाठ मारून कावळा केला, पिंडाला टेकवला, आणि पाण्याने दोन्ही नेले.

परत येताना मी सगळ्यांना हात जोडले. घरात शिवला म्हणून सांगू या. पांडू म्हणाला, "दत्ता, मी दर्यावर खोटा बोलत नाय. घरात काय बोलायचा ता तू बोल."

तुम्ही ओट्यावर उभ्या होतात. विचारलंही नाहीत, नुसतं बघितलंत. मी म्हटलं, "शिवला."

"नक्की?"

"नक्की."

तुम्ही रडला नाहीत. दोरीवरचा शर्ट अजून दमट होता, तसाच घडी केलात. मला म्हणालात, "आधी जेवून घ्या. सकाळपासून उपाशी आहात." मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. खोटं बोलून इतकी भूक लागते, हे मला माहीत नव्हतं.

खरं काय ते हे. तुम्ही मागितलंत, मी दिलं. शिक्षा काय ती कळवा.

दत्ताराम


२० नोव्हेंबर २०२४

वहिनी,

आज मतदान. बोटावर शाई आहे आणि कागदाला लागू नये म्हणून बोट उंच धरून लिहितोय. तुमच्याकडून तेरा दिवस काही नाही. पोस्टमन अजिंक्य म्हणतो, "आजोबा, बडोद्याचं काही आलं तर मी शिट्टी मारीन, तुम्ही उन्हात उभे राहू नका." तरी मी फाटकापाशी जातोच.

तुमचं गप्प बसणं मला समजतं. मी स्वतः सत्तेचाळीस वर्षं गप्प बसलो. लग्नानंतर तुम्ही मला चार पत्रं पाठवलीत. पहिलं सत्याहत्तरात, बडोद्याचं हवापाणी, रेल्वे कॉलनीतली खोली. दुसऱ्यात मुलगा झाल्याचं. तिसऱ्यात आईच्या तब्येतीची चौकशी. चौथ्यात एवढंच, 'मी दुसरं लग्न केलं म्हणून तुम्ही सर्वांनी मला टाकलं असेल तर तसं स्पष्ट लिहावं.' त्यालाही उत्तर नाही. आई म्हणायची, "लिही रे तिला. पोर चांगली होती." मी कागद घ्यायचो आणि मायना लिहून ठेवून द्यायचो. तुम्हाला कोणी टाकलं नव्हतं. तोंडी खोटं मी एकदा बोललो होतो. लेखी बोलायचा धीर नव्हता, आणि खरं लिहायचा त्याहून नव्हता. तो धीर या ऑक्टोबरात आला, तर बघा, पहिल्या पत्रात कशावर खर्च केला.

तुम्हाला वाटेल, भावोजींनी माझ्या भल्यासाठी खोटं सांगितलं. मीही हेच घोकत आलो. चोवीस वर्षांची बाई उलटलेल्या कॉलरचा शर्ट वाळत घालते, ते मला बघवेना, हे खरंच. पण पुढचं कोणाला सांगितलेलं नाही.

मी तुम्हाला मोकळं केलं आणि तुमची जागा घेतली.

कावळा शिवला तर गेला, नाही तर आहे, ही अट तुमची. तुम्हाला मी 'शिवला' सांगितलं. मला कोण सांगणार? तो शिवला नाही, हे मला ठाऊक होतं. शाळेत विज्ञानाचे मास्तर कावळ्यांबद्दल चेष्टा करायचे, मीही हसायचो. आणि घरी येऊन पोस्टमनची वाट बघायचो. तिकडच्या तुरुंगात अजून काही आपली माणसं आहेत, अशी बातमी दर दोनचार वर्षांनी यायची. कात्रण ठेवायचो. रत्नागिरीबाहेर बदली येईल म्हणून मुख्याध्यापकपद नको म्हटलं. लग्नाचं कोणी काढलं तर म्हणायचो, दादा आल्यावर बघू. लोक हसायचे, त्यांना वाटायचं मास्तरांचा विनोद.

मिऱ्याचं घर रस्त्यात गेलं, तेव्हा उरलेला तुकडा आणि कुंपणाची भिंत शेजारच्यांनी घेतली. त्यांच्याकडून एकच कबूल करून घेतलं. भिंतीवर माझा मिरजोळ्याचा पत्ता राहू द्यायचा. दर वर्षी दसऱ्याला जाऊन मी तो नव्याने रंगवतो. फोन आल्यावर नंबरही घातला. शेजारच्यांच्या सुनेने यंदा विचारलं, "मास्तर, सगळी पत्रं आता तुमच्याकडेच येतात ना? मग हे कोणासाठी?" मी म्हटलं, जुने विद्यार्थी येतात.

नव्वद साली शाळेच्या वार्षिकात माझी कविता छापली होती. त्यातल्या दोनच ओळी बऱ्या होत्या असं मला वाटतं:

आभाळ एवढे मोठे की
घरटे विसरले पाखरू.

हेडमास्तरांनी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "दत्ताराम, पाखरू विसरलं नाही हो. पाखराला गोळी लागली." मी त्यांच्याशी वर्षभर बोललो नाही. ते कोकणातले, त्यांना खरं मऊ करून बोलायची सवय नव्हती. माझी कविता वाईट होती असं नाही. ती घाबरट होती.

आता तुम्हाला कळलं. तुमचं वाट बघणं मी संपवलं नाही, फक्त माझ्याकडे घेतलं. हे सांगून मी तुमच्यावर उपकार चढवत नाहीये. उलट भीती वाटते. दर्भाच्या चार काड्यांवर मी तुम्हाला बडोद्याला पाठवलं आणि आता या वयात त्या काड्या काढून घेतोय. तुम्ही म्हणाल, मग मी कोणाची? रागावलात तरी चालेल, पण एक ओळ पाठवा. डावा की उजवा एवढी लहानही चालेल.

दत्ताराम


९ डिसेंबर २०२४
सकाळी

वहिनी,

आज त्रेपन्न वर्षं. तुम्ही काही कळवलं नाहीत, तरी आजच्या दिवशी तुम्हाला लिहावं असं वाटलं. सकाळी उठून अंघोळ केली, दादाचा तो गणवेशातला फोटो पुसला. फोटोत तो पंचवीसचा आहे. माझे शेवटचे विद्यार्थीही आता त्याच्याहून मोठे आहेत. मला त्याला 'अरे' म्हणावंसं वाटतं आणि जीभ वळत नाही, 'दादा'च येतं. आमच्या शाळेत यंदा त्याच्या नावाची पाटी बसवायचं चाललंय. समीक्षा म्हणून नवी बाई आहे, तिने मजकूर लिहून माझ्याकडे पाठवला. जन्मतारखेपुढे जन्मतारीख आहे. दुसऱ्या तारखेची जागा कोरी ठेवून तिने पेन्सिलीने लिहिलंय, 'सर, ही आपण घालावी.' कागद तीन आठवडे टेबलावर

रिक्षा थांबली. बघून येतो.


तासाभराने

वहिनी, मघाचं वाक्य तसंच अर्धं राहू द्या. कोण आलं ते लिहितो, जसं झालं तसं.

रिक्षातून एक वृद्ध गृहस्थ उतरले. कानटोपी, हातात पाण्याची बाटली, खांद्याला शबनम. रिक्षावाल्याला म्हणाले, "थांब रे, कदाचित लगेच परत जायचंय." फाटक उघडून पायऱ्यांपर्यंत आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"दत्तारामराव?"

"हो."

"मी रघुवीर मयेकर. बडोद्याहून."

माझ्या हातात पेन तसंच होतं. मी म्हटलं, "वहिनी?..."

"ती ठीक आहे. सानवीजवळ आहे. मी मालवणला जातो म्हणून सांगून निघालोय." थोडं थांबून म्हणाले, "मालवणला आता माझं कोणी नाही. तिलाही ते माहीत आहे."

मी "आत या, आत या" करत राहिलो. ते हलले नाहीत. शबनममधून दोन पाकिटं काढली. माझीच. नोव्हेंबरातली दोन्ही.

"हे पहिलं मी तिला वाचायला घेतलं," ते म्हणाले. "आजीच्या हिरव्या लुगड्यापर्यंत वाचलं. पुढची ओळ डोळ्यांना दिसली आणि थांबलो. ती म्हणाली, 'पुढे?' मी म्हटलं, 'पुढे भातकापणीचं लिहिलंय.' ती म्हणाली, 'भावोजींकडे भात कुठून आला?'"

मला हसू आलं. त्यांना नाही.

"अठ्ठेचाळीस वर्षांत मी तिच्याशी खोटं बोललेलो नव्हतो, मास्तर. तुमच्या कागदाने बोललो. दुसरं तर तिला वाचून दाखवलंच नाही. आलंय हेही सांगितलं नाही. ती रोज विचारते, मी रोज नाही म्हणतो."

वहिनी, तुम्हाला लिहिताना प्रत्येक वेळी मला तुम्ही त्या ओट्यावर उभ्या दिसायचात. पत्र तुम्हीच वाचणार असं मी धरून चाललो. ती वाक्यं आधी कोणाच्या डोळ्यांपुढून जातील, कोणाला ती स्वतःच्या तोंडाने तुम्हाला ऐकवावी लागतील, हे सानवीने कंसात लिहून कळवलेलं मी विसरलो. एका माणसाच्या संसारावर मी त्याच्याच तोंडून घाव घालायला निघालो होतो. मी तसं म्हणायला गेलो, तर त्यांनी हात वर केला.

"माफी नको. मी भांडायला आलेलो नाही. कावळ्याचं मी सांगेन तिला. बसून, सावकाश. तिने विचारलंय, तिचा हक्क आहे. पण त्यानंतर ती एकच विचारणार. मग ते आहेत की गेले? त्याला मी काय सांगू? तुम्ही लिहिता, भिंतीवर पत्ता रंगवतो. कात्रणं ठेवतो. मी ती ओळ पंचवीस वेळा वाचली." त्यांनी पाकीट माझ्यापुढे धरलं. "त्यांचं पान मी दर वर्षी मनापासून वाढलं, दत्तारामराव. गेलेल्या माणसाचं म्हणून. तो माणूस असेल, तर मी कोण? इतकी वर्षं मी कोणाच्या जागी जेवलो? तुम्ही सख्खे भाऊ. तुम्ही सांगाल ते मी तिला सांगेन. आहेत म्हणालात, तर आहेत सांगेन. पण आज सांगा. मी आत येतो की जातो, ते मग."

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. त्यांनी मागे वळून बघितलंही नाही.

वहिनी, मला तुरुंगाची बातमी आठवली. वाळू आठवली. तो तरुण अधिकारी आठवला. छत्री दिसली नाही हे सांगताना त्याने तुमच्याकडे बघणं टाळलं होतं, तुम्ही ते पाहिलं नव्हतंत, मी पाहिलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी फाटकाशी त्याने मला एकट्याला सांगितलं होतं, "विमान फार खाली होतं. उडी मारायला वेळच नव्हता." हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पन्नास वर्षं स्वतःलाही सांगितलं नाही. कावळ्यांच्या मागे लपत राहिलो. कावळे काय, पुन्हा एखाद्या वर्षी येतील, अशी आशा ठेवता येते.

समोर ऐंशी वर्षांचा माणूस उभा होता, रात्रभर रेल्वेत बसून आलेला, आणि मी गप्प राहिलो असतो तर तो तसाच परत गेला असता.

मी म्हटलं, "माझा भाऊ गेला."

मग तारखेसकट पुन्हा म्हटलं. "नऊ डिसेंबर एकाहत्तर. सकाळी. विमान खाली होतं, त्याला वेळ मिळाला नाही. आत्माराम त्याच दिवशी गेला, रघुवीरराव. तुम्ही कोणाच्या जागी जेवला नाहीत."

आम्ही दोघे तसेच उभे, एक उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. मग रिक्षावाला ओरडला, "आजोबा, थांबू की जाऊ?"

हे पत्र मी त्यांच्याच हाती देतोय. ते तुम्हाला सबंध वाचून दाखवतील, त्यांनी कबूल केलंय, मध्ये कुठे भातकापणी येणार नाही. आणि तुमची हरकत नसेल असं धरून मीही त्यांच्याबरोबरच निघेन, म्हणजे अडलं तर पुढचा शब्द सांगायला कोणी असेल.

रिक्षावाल्याला त्यांनी हाताने जा म्हणून खूण केली. पायरीवर बसले, गुडघा धरून, आणि एकेक करून चपला काढल्या.